आर्वेलचा सूर्यास्त

फोनच्या त्या टोकाला कोणी बोलत नव्हते.

पंख्याचा आवाज येत होता; आमच्या सोप्यातल्या पंख्याचा, ज्याचे एक पाते प्रत्येक फेऱ्याला किंचित अडखळते. कुठेतरी म्हैस रेकली. अण्णांच्या घशात अर्धवट राहिलेला खाकरा मला ओळखू आला. पण शब्द नव्हता. मी नुकतेच एक साधे वाक्य बोललो होतो, 'ठेवतो आता, सूर्य खाली चाललाय, जेवून घेतो', आणि ते वाक्य विहिरीत टाकलेल्या दगडासारखे खाली खाली जात होते. पाण्याचा आवाज अजून आला नव्हता.

"हॅलो?" मी म्हणालो.

"हां," आई म्हणाली. पुन्हा ती पोकळी. मग, "बरं. जेव."

फोन बंद झाला.

बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत भिंतीवर दोन घड्याळे आहेत. एक भरमूचे, इथल्या वेळेचे. दुसरे माझे, साडेतीन तास मागे चालणारे. त्या रविवारी, फोन ठेवल्यावर मी वर पाहिले तेव्हा पहिल्यात सहा वाजून चाळीस मिनिटे झाली होती आणि दुसऱ्यात तीन वाजून दहा. म्हणजे आर्वेलमध्ये, फ्रान्सच्या मधोमध असलेल्या त्या लहान गावात, जिथे मी राहतो असे माझ्या घरचे समजत होते, त्या क्षणी टळटळीत दुपार होती. मे महिन्यात तिथला सूर्य रात्री सव्वानऊ वाजून गेल्याशिवाय मावळत नाही. खाली चालला होता तो मच्छेचा सूर्य, कारखान्यांच्या पत्र्यांमागे, फौंड्रीच्या धुरात तांबूस होत.

ही चूक जगात आणखी कोणाच्याही लक्षात आली नसती. माझ्या आईच्या मात्र आली होती.

आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर आमच्या घरात चूल पेटत नाही आणि ताटही वाढले जात नाही. मी फ्रान्सला शिकायला निघालो तेव्हा अण्णांनी, माझ्या वडिलांनी, अभ्यासाविषयी विचारले, दिव्याने, माझ्या धाकट्या बहिणीने, बर्फाविषयी. आईने विचारले, "तिथं सूर्य कवा मावळतो रं?" त्या दिवसापासून तिने एक वही केली. दिव्या रोज फोनवर पाहून आर्वेलच्या सूर्यास्ताची वेळ सांगे, आई ती वहीत उतरवून घेई आणि मग एका बोटाने अक्षरे शोधत मला लिहून पाठवी: आज ८.१२. त्याआधी जेव. आज ४.५८. त्याआधी जेव. वीस महिने झाले होते. आर्वेलचा सूर्य केव्हा मावळतो हे आर्वेलच्या पाद्र्यापेक्षाही निपाणीजवळच्या आमच्या गावातली चंदना मगदूम, माझी आई, अधिक नेमके सांगू शकली असती.

"काय रं फ्रान्स," भरमू बाजेवरून म्हणाला. तो जांबोटीकडचा, माझ्याच फौंड्रीत भट्टीवर असतो. "तोंड का असं? राजवाडा ढासळला का तुझा?"

"चूक झाली."

"एकच?" तो हसला. मग माझ्याकडे नीट पाहून थांबला. "कुणाला कळली?"

"आईला."

"मग लई काय न्हाय. आया गिळतात."

मी ताटात भाकरी घेतली होती. प्रकाश अजून पंधरा मिनिटे होता. मी ताट झाकून ठेवले.

*

मी आर्वेलला खरोखर राहिलो होतो. हे आधी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे ऐकल्यावर कोणी त्यावर विश्वास ठेवणार नाही. चौदा महिने मी तिथे होतो. गावाबाहेरच्या शिक्षणसंस्थेत शेतीयंत्रांचा अभ्यासक्रम होता. पहिल्या वर्षाच्या शेवटी दोन विषय गेले, फेरपरीक्षेतही गेले, आणि दुसऱ्या वर्षाचा प्रवेश नाकारणारे पत्र आले. राहण्याचा परवाना प्रवेशाला बांधलेला. नोव्हेंबरच्या एका पहाटे मी बंगळूरला उतरलो, निपाणीकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो, आणि बेळगावला, घर दीड तासावर असताना, माझे पाय मला न विचारता खाली उतरले.

त्यानंतर सहा महिने मी घरी आर्वेल पाठवत राहिलो.

त्या गावात एक वारसावाट आहे. रस्त्याच्या दगडांत पितळी बाण ठोकले आहेत आणि त्यांच्या मागे चालत गेले की बारा ठिकाणे लागतात. पहिले घंटाघर, ज्याचे घड्याळ पाच मिनिटे पुढे ठेवतात, शेतकऱ्यांची गाडी चुकू नये म्हणून. दुसरे ओकच्या तुळयांचा बाजारमंडप. मग तटबंदीचा तुकडा, देवळाएवढे लहान, जुने चर्च, चिनी मातीच्या भांड्यांचे संग्रहालय, कालव्याची दारे आणि ती उघडणाऱ्या माणसाचे निळ्या खिडक्यांचे घर. शेवटी तळे, त्यात हंसाच्या आकाराच्या पायडल मारायच्या होड्या, काठावर लोखंडी गोळे फेकत बसलेले म्हातारे आणि एक गोल फिरणारा लाकडी घोड्यांचा पाळणा. पहिल्याच महिन्यात मी त्या वाटेचा घडीचा नकाशा घरी टपालाने पाठवला होता. अण्णांनी तो निपाणीला नेऊन प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणला. तेव्हापासून दर रविवारी चार वाजता आमच्या सोप्यात आर्वेलची सहल निघे. मी एका ठिकाणाचा फोटो पाठवायचा, अण्णांनी नकाशावर बोट ठेवायचे आणि मी बोलत जायचे. चेहरा दाखवत नसे. वसतिगृहाचे इंटरनेट तेवढे पुरत नाही, असे सांगितले होते. बारा ठिकाणे संपली की पुन्हा पहिल्यापासून, नव्या ऋतूत.

मे महिन्यात मी मागच्या मेचे फोटो पाठवत होतो. जानेवारीत मागच्या जानेवारीचे. चर्चच्या मनोऱ्याभोवती दुरुस्तीसाठी पाइपांची परांची होती. ती आता काढलीही असेल, या विचाराने मला झोपेतून जाग येई. माझे आर्वेल एका वर्षात गोठून गेले होते आणि खरे आर्वेल माझ्याशिवाय पुढे चालले होते. एखाद्या दिवशी दिव्याने सहज इंटरनेटवर पाहिले असते तर पाइपांवाचूनच्या त्या मनोऱ्याने मला पकडून दिले असते.

तसे घडले नाही. मला पकडून दिले ते माझ्यात उरलेल्या एकमेव खऱ्या गोष्टीने. आर्वेलमध्ये असताना मी अंधारात जेवत होतो. हिवाळ्यात पाचला सूर्य जाई आणि वर्ग सहाला सुटत. आईला रोज लिहीत होतो, 'जेवलो, उजेड होता.' परत आल्यावर मी तो नियम पुन्हा धरला, दात आवळून. एवढे खोटे बोलणाऱ्या माणसाला पाय ठेवायला एखादी तरी फरशी हवी असते. त्या रविवारी अण्णा शेतातून उशिरा आले म्हणून फोन चारच्या ऐवजी सहाला झाला, आणि बोलता बोलता खिडकीतला उजेड पिवळा पडलेला पाहून माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेले.

*

भीती कशाची होती, तेही सांगतो.

आमच्या घराला लागून, एकाच भिंतीपलीकडे, आण्णाप्पाकाका राहतात, अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ. दोन हजार सहा साली श्रवणबेळगोळला मस्तकाभिषेक होता. काका जातो म्हणून गेले आणि आठ दिवसांनी प्रसाद घेऊन आले. तो प्रसाद अण्णांनी देव्हाऱ्यात ठेवला, गावात वाटला. महिन्याने कळले की काका कोल्हापुरात मित्रांकडे पत्ते खेळत होते आणि प्रसाद तिथल्याच एका दुकानातला होता. अण्णांनी आवाज चढवला नाही. काका समोर येऊन "चुकलो दादा" म्हणाले, तेव्हा अण्णांनी चपला पायात सरकवल्या आणि ते मळ्याकडे निघून गेले. एकोणीस वर्षे झाली. भिंतीच्या पलीकडे काकांना खोकल्याची ढास लागली की अण्णा जेवता जेवता थांबतात, ती शमेपर्यंत घास हातात धरून बसतात. पण बोलले नाहीत.

न गेलेल्या ठिकाणी गेलो असे सांगणे. आमच्या घरात या गुन्ह्याची शिक्षा मी लहानपणापासून भिंतीतून ऐकत आलो होतो.

आणि आता अण्णा स्वतः आर्वेलला निघाले होते. बरोबर स्वयंपाकी नेणारी, सूर्यास्ताआधी जेवू घालणारी जैन मंडळींची एक सहल जूनच्या दोन तारखेला कोल्हापुराहून निघणार होती. पॅरिसला पोहोचल्यावर अण्णा आणि आई दोन दिवस त्या मंडळींपासून वेगळे होऊन रेल्वेने माझ्याकडे येणार होते. तिकिटे आली होती. महिनाभरापूर्वी अण्णांनी हे सांगितले तेव्हा मी म्हणालो होतो, "या की." दोन अक्षरे. त्यानंतर रोज मला एकच चित्र दिसे: आर्वेलच्या त्या लहान फलाटावर गाडी थांबून निघून गेली आहे. पांढरी टोपी घातलेला एक माणूस आणि मागे पिशवी धरलेली एक बाई. पिशवीत दशम्या आणि पाणी गाळायचे फडके. संध्याकाळ होत नाही, कारण तिथे जूनमध्ये संध्याकाळ होतच नाही, तो उजेड नुसता लांबत जातो. आणि त्या उजेडात कोणीही येत नाही.

सांगितले तर अण्णा जातील, माझ्यापासून, कायमचे. नाही सांगितले तर ते तिथे उभे राहतील. मी दर रविवारी या दोहोंच्या मध्ये बसून पितळी बाणांविषयी बोलत होतो.

*

सोमवारी आईचा संदेश आला नाही. मंगळवारीही नाही. वीस महिन्यांत असे झाले नव्हते. फौंड्रीत मी तयार तुकडे मोजण्याचे काम करतो. त्या दोन दिवसांत मी एकच तुकडा तीनतीनदा मोजत होतो आणि दर वेळी आकडा वेगळा येत होता.

बुधवारी दुपारी फोन थरथरला.

आज ६.५४. त्याआधी जेव.

एवढेच. मी पुन्हा वाचले. हात तेलकट होते, अक्षरांवर ठसा उमटला. सहा चोपन्न. हा आर्वेलचा सूर्यास्त नव्हता. हा आमचा होता. निपाणीचा, बेळगावचा, मच्छेचा.

त्या संदेशात रागाचा एकही शब्द नव्हता म्हणूनच तो मला भयंकर वाटला. मी फौंड्रीच्या दारात आलो. रस्त्यावरून खानापूरची बस जात होती, आणि तिच्या प्रत्येक खिडकीत मला आईचे कपाळ दिसले. त्या दिवसापासून मी तोंडाला रुमाल बांधून फिरू लागलो. शेजारच्या अनगोळला भाजी आणायला जात असे, तेही सोडले. पांढरी टोपी दिसली की मी दुकानाच्या पायरीवर चढून पाठ फिरवी. रस्त्यावर पांढऱ्या टोप्या किती असतात हे मला तोवर ठाऊक नव्हते.

गुरुवारी ६.५५. शुक्रवारी ६.५५. आई रोज माझ्यावर सूर्य मोजत होती आणि मी उत्तर लिहीत होतो, 'जेवलो.' आर्वेलमध्ये असताना ते खोटे असे आणि तिला खरे वाटे. आता ते खरे होते.

*

रविवारी फोन वेळेवर, चारलाच झाला.

"आज आठ नंबर," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात शाळकरी उत्साह होता. "धुण्याचं घर. व्हय न्हवं?"

"होय अण्णा." मी फोटो पाठवला. ओढ्यावर बांधलेले दगडी छप्पर, खाली कपडे आपटायचे उतरते कठडे. गावातल्या बायका तिथे शतकभर धुणी धुवत आणि गावातली सगळी बातमी तिथूनच निघे, हे मी सांगितले.

"म्हंजे आपल्या पाणवठ्यासारखंच की," अण्णा म्हणाले. "ऐकलंस का गं? तिथं बी बायका त्येच करत हुत्या." मग मला म्हणाले, "तुझी आई हंसाच्या होडीत बसणार न्हाय म्हणतीया. मी म्हटलं, हंस हाय गं, मगर न्हाय."

दिव्या हसली. मीही हसलो, माझे हसू मला दुसऱ्या खोलीतून ऐकू आल्यासारखे वाटले.

"सन्मती," आई म्हणाली. त्या फोनवरचा तिचा पहिला शब्द. "आत्ता तिथं सावली कुठं पडलीया?"

माझी नजर माझ्या घड्याळाकडे गेली. साडेबारा. "पायाशी, आई. दुपार आहे."

"हां. हितं लांब पडलीया." ती थांबली. "तुझी?"

पंख्याचे पाते अडखळले, फिरले, अडखळले.

"काय सावलीचं घिऊन बसलीस," अण्णा म्हणाले. "ऐक रं. दहा तारखेला आमची गाडी सव्वासहाला पोचती. फलाटावर उभा ऱ्हा. आत बित थांबू नको. तुझ्या आईला परक्या जाग्याची भीती वाटतीया. मी म्हटलं, आपलं पोरगं असल्यावर परकं कसलं? सगळं गाव मला पाठ हाय. घंटाघरापासनं डावीकडं, मंडप, मग तट. मी तुलाच दाखवतो बघ आता."

"येईन अण्णा," मी म्हणालो.

हे माझे शेवटचे खोटे असेल असे मी त्या क्षणी ठरवले नव्हते. पलीकडे आईने वही मिटल्याचा आवाज आला.

संध्याकाळी संदेश आला. ६.५६. त्याखाली आणखी दोन ओळी होत्या: बुधवारी आम्ही बेळगावला. स्वेटर घ्यायला. चार वाजता किल्ल्यात कमल बस्तीचं दर्शन.

ये, असे कुठेही लिहिले नव्हते.

*

"जातोस?" बुधवारी भरमूने विचारले. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती आणि बाजेच्या कडेवर बसून राहिलो होतो.

"माहीत नाही."

"आमच्या जांबोटीला रानात गवा म्होरं आला की आम्ही हाय तिथं उभं ऱ्हातो. पळालं की त्यो मागं लागतो."

"आणि उभं राहिलं तर?"

भरमूने थोडा विचार केला. "कवा कवा त्यो निघून जातो," तो म्हणाला.

मला नेमकी त्याचीच भीती होती.

बसमध्ये मी रुमाल सोडला नाही. किल्ल्याच्या दारापाशी उतरलो तेव्हा साडेतीन झाले होते. खंदकातल्या पाण्यावर शेवाळ होते आणि ऊन त्यावर पडून हिरवे झाले होते. माझ्या शेजारून किल्ल्यातल्या लष्करी छावणीचे जवान सायकलवर गेले. इथल्या दगडांत कोणी पितळी बाण ठोकलेले नाहीत. तरी मी एका ओढीने नेमका बस्तीपाशी, त्या जुन्या जैन मंदिरापाशी, पोहोचलो. लहानपणी दर वर्षी अण्णा आम्हाला इथे आणत. छतातल्या दगडी कमळाखाली उभे करीत आणि म्हणत, वर बघा, पाकळ्या मोजा, चुकलं तर पुन्हा मोजा. काळ्या खांबांचे दगड इतके गुळगुळीत की त्यांत स्वतःचे वाकडे प्रतिबिंब दिसे. मी त्यातल्या एका खांबाआड उभा राहिलो.

आधी आवाज आला. अण्णांचा, दारातल्या रखवालदाराशी बोलत असलेला.

"बाहेरगावासनं आलाय?" रखवालदार विचारत होता.

"निपाणीकडचं. पोरगा फ्रान्सला असतो. त्याच्याकडं निघालोय, म्हटलं आधी हितं पाया पडावं."

"हौद्री? असं व्हय? लई लांब."

"लांब कसलं. ह्ये बघा." प्लॅस्टिकचा कडकडीत आवाज झाला. अण्णांनी खिशातून नकाशा काढला होता. "ह्यो मंडप. ह्याचं छत लाकडी, एक खिळा न्हाय. आपलं ह्ये कमळ हाय न्हवं, तसंच तिथल्या लोकांना त्येचं कौतुक. पोरानं एकेक जागा दाखवलीया मला. डोळं मिटलं तरी जाऊन यीन."

"भाग्यवान हाईसा."

"व्हय," अण्णा म्हणाले. फार हळू म्हणाले, जणू ती गोष्ट जोरात बोलली तर उडून जाईल.

मी खांबाला टेकलो. दगड गार होता. माझ्या तोंडावरचा रुमाल श्वासाने ओला झाला होता. मागच्या दाराने निघून जाता आले असते. पाय एकदा बेळगावला उतरले होते तसे आताही न विचारता चालले असते.

"जेवलास का?"

आई बाजूला उभी होती. हातात पितळी डबा. ती केव्हा आली ते कळले नाही. सहा महिने दीड तासावर राहूनही मी तिला पाहिले नव्हते. तिच्या कानांजवळचे केस पार पांढरे झाले होते. मी तिच्या पायांना हात लावला. तिने माझ्या चेहऱ्यावरचा रुमाल खाली ओढला, जशी लहानपणी शेंबूड पुसायला ओढी, तशीच, काहीशी रागाने.

"कुठं हाईस?"

"मच्छेला."

"कवापासनं?"

"नोव्हेंबर."

तिने डोळे मिटले. ओठ हलले, महिने मोजत असावी. "मला जागा म्हाईत न्हवती," ती म्हणाली. "सूर्य तेवढा आमचाच हाय, एवढं कळलं."

"अण्णांना सांगितलंस?"

"न्हाय." ती दाराकडे बघत होती. तिथे अण्णा रखवालदाराला आता तळे दाखवत होते. "एकोणीस वर्षं झाली, भिंतीच्या दोन्ही अंगाचं मी ऐकतीया. हिकडनं ह्यांचा उसासा, तिकडनं त्यांची ढास. मी सांगितलं तर ह्यांना दोघं मिळून फसवल्यागत हुईल. तू सांग."

"ते बोलणार नाहीत माझ्याशी."

"नसतील," आई म्हणाली. तिने डब्याची कडी घट्ट धरली, आणि मला कळले की तीही माझ्याइतकीच भ्यालेली आहे; दहा दिवस भ्यालेली आहे. "पण त्या फलाटावर त्यांना उभं करू नको रं. त्ये माणूस तिथं बसून ऱ्हाईल. तू येशील म्हणून उठायचं न्हाय."

तिने डबा माझ्या हातात दिला. अजून गरम होता. "चार वाजल्यात. ऊन हाय तवर जेव," ती म्हणाली आणि कमळाखाली जाऊन, माझ्याकडे पाठ करून, हात जोडून उभी राहिली.

मी खांबाआडून बाहेर आलो. दारापर्यंत नऊ पावले होती. प्रत्येक पावलाला मला आर्वेलचे एकेक ठिकाण आठवत होते, मी त्यांना विकलेले, सुंदर, खरे, आणि माझे नसलेले.

"आणि ह्या हंसाच्या होड्या," अण्णा सांगत होते. "आमची मंडळी भितीया, पण मी तिला…"

त्यांनी वर पाहिले.

त्यांचे बोट नकाशावर तळ्याच्या निळ्या ठिपक्यावरच राहिले. चेहऱ्यावर आधी आनंद आला. हे मला अपेक्षित नव्हते. क्षणभर ते नुसते हरखले, पोरगा दिसला म्हणून, आणि तो आनंद माझ्या फौंड्रीच्या डागाळलेल्या कपड्यांवर, तेलाने काळवंडलेल्या नखांवर, हातातल्या आपल्याच घरच्या डब्यावर उतरत उतरत विझला. रखवालदार माझ्याकडे आणि त्यांच्याकडे पाहत एक पाऊल मागे सरला.

"अण्णा," मी म्हणालो. "मी नापास झालो. मला परत पाठवलं. नोव्हेंबरपासून मी इथंच आहे, मच्छेला. फोटो सगळे मागच्या वर्षीचे होते."

कबुतरांचा एक थवा छताखालून फडफडत बाहेर पडला. अण्णांनी नकाशा उलटा केला, पुन्हा सुलटा केला, जणू त्यात कुठे हेही छापलेले असेल. मग तो दाराशेजारच्या दगडी कट्ट्यावर ठेवला, कडा कट्ट्याच्या कडेला नीट जुळवून. वाऱ्याने उडू नये म्हणून की काय, त्यावर स्वेटरांची पिशवी ठेवली.

"तिथं जाऊ नका," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लहान मुलासारखा वाटला. "सहल करा, पॅरिस बघा, पण आर्वेलला उतरू नका. स्टेशनवर कोणी नसणार अण्णा. ऐकलंत का? तिथं कोणी नाही."

त्यांनी पायऱ्या उतरून चपला शोधल्या. डावी उजवीकडे गेली होती. ती पायाने ओढून घेतली.

"अण्णा, रागवा. माझ्याशी बोला. एकदा."

रखवालदाराने मान खाली घातली. मागे आईची काकणे वाजली आणि थांबली. अण्णांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. त्यांची सावली पायऱ्यांवरून माझ्या पायांपर्यंत लांब पडली होती. मग ती सरकू लागली. ते वळले आणि खंदकाकडे जाणाऱ्या रस्त्याने, उन्हात चालत गेले.